बाबाईचं मागणं

बाउरोच्या खड्ड्यात एकही बाबाई उरला नव्हता, आणि ही गोष्ट बेटावर एकट्या बाउरोला ठाऊक होती.

बाबाई म्हणजे अळूचा थोरला भाऊ. पानाखाली माणूस उभा राहावा आणि कंद असा की दोघांनी काठीला बांधून खांद्यावरून घरी आणावा. पण लाडका फार. वर वाळूत तो जगत नाही. बेटाच्या मधोमध, खालचं गोडं पाणी लागेपर्यंत खणायचं आणि त्या चिखलात त्याला बसवायचं. बाउरोचा खड्डा त्याच्या पणजोबाने शिंपल्यांनी खणला होता. कुठला पाला घालायचा, काळी माती किती, कुठल्या चंद्राला घालायची, हे ज्याच्या त्याच्या घराचं गुपित. बाप ते मरायच्या आधी मुलाच्या कानात सांगतो. कधीकधी सांगायचं राहून जातं, मग मुलगा जन्मभर लोकांपुढे सगळं माहीत असल्याचा आव आणत फिरतो. दुसऱ्याच्या खड्ड्याजवळून जाताना मान पलीकडे वळवायची, ही आमच्याकडची रीत. तुझा बाबाई कसा आहे रे, असं कुणी विचारत नाही. विचारणारा एक तर पोर असतो किंवा पाहुणा.

त्यामुळे खड्डा मेला तरी लपवणं बाउरोला अवघड गेलं नाही. अवघड गेलं ते पुढचं सगळं.

समुद्र आत आला त्याला आता बराच काळ झाला होता. बाहेरच्या समुद्राच्या अंगाला खडीचा एक उंच बांध होता, लाटांनीच रचलेला. पाद्रीबाबांच्या देवळाच्या पायासाठी गावाने त्यातली खडी उचलली. मग दोन बेटं जोडणारा रस्ता झाला, त्याच्या भरावासाठी उचलली. मग घराघरांत सिमेंटच्या विटा पाडायचं वेड आलं, त्यासाठीही उचलली. बाउरोने टोपल्या वाहिल्या, त्याच्या दोस्ताने, इताकाने वाहिल्या, पाद्रीबाबांनी फोटोपुरती एक वाहिली. बांध खाली बसला. नंतर एका मोठ्या भरतीला वारा पश्चिमेचा निघाला आणि समुद्र सरळ गावातून चालत बेटाच्या दुसऱ्या अंगाच्या उथळ, आतल्या समुद्राला जाऊन भेटला. दुपारपर्यंत ओसरलाही. रस्त्यावर पोरांनी मासे पकडले, त्यावरून लोक दोन दिवस हसत होते.

विहिरी खारट झाल्या, मग पाऊस झाला आणि त्या पुन्हा पिण्याजोग्या झाल्या. म्हणजे खारं पाणी गेलं, असंच सगळ्यांनी धरलं.

बाउरो तेव्हा बेटावर नव्हताच. त्याची बायको तेरेंगा राजधानीच्या बेटावर, तारावाच्या इस्पितळात होती आणि तो तिच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिला होता. परत आला तो तिचा देह घेऊन. खड्ड्याकडे गेला तर पानांच्या कडा करपलेल्या, देठ माना टाकलेले. इतके दिवस कुणी पाला घातला नाही, माती घातली नाही. खड्डा रुसला, असं त्याला वाटलं. पोटच्या पोराची करावी तशी त्याने मग त्याची मनधरणी केली. नीरफणसाचा पाला वाळवून चुरला, लांबून काळी माती आणली, प्रत्येक झाडाभोवती केवड्याच्या पानांची नवी टोपली विणली. झाडं एकामागून एक कोलमडत गेली. सगळ्यात थोरला बाबाई एरेनाच्या जन्माच्या वर्षी लावलेला होता. तो त्याने ओढला तर हातात नुसता देठ आला. खाली कंदाचा वास मारणारा लगदा होता.

एरेना त्याची मुलगी. ती तारावाला असते, एका खोलीत नवरा, सासू आणि तीन मुलं घेऊन. दवाखान्याजवळ फोन लागतो तिथे उभं राहून बाउरो तिच्याशी बोलायचा.

"तिकडे एकटा काय करतोस, बाबा? ये ना इकडे."

"आणि खड्डा कोण बघेल?" तो म्हणायचा.

हे उत्तर तिला पुरायचं. बाबाईवाल्या माणसाला बेट सोड असं कोण म्हणणार? म्हणून तर खड्डा मेल्याचं कळता कामा नये होतं. कळलं असतं तर त्याला बोटीत घालून नेलं असतं आणि त्या खोलीच्या कोपऱ्यात चौथं मूल म्हणून बसवलं असतं. आणि इथे गावात? मानेआबात, म्हणजे आमच्या सभेच्या छपराखाली, प्रत्येक घराण्याची बसायची जागा ठरलेली असते. बाउरोची जागा पुढच्या खांबाशी होती, आणि ती त्याच्या खड्ड्याच्या जोरावर होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं कुणी तोंडावर म्हटलं नसतं, पण जागेवर बसताना त्यालाच ते ऐकू आलं असतं.

त्याने माडाचे झाप विणले आणि खड्ड्याभोवती उंच कुंपण घातलं. "डुकरं फार झालीत," असं तो न विचारताच सांगत सुटला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे काही दिवसांनी इताकानेही आपल्या खड्ड्याला झाप बांधले. मग उत्तरेकडच्या वाटेवर आणखी कुंपणं उभी राहिली. ती बघून बाउरोच्या पोटात दुखायचं. आत काय माजलं असेल बाबाई, की वाऱ्यापासून आणि नजरेपासून जपावं लागतंय! एवढ्या हिरव्यागार बेटावर रुसला तो फक्त त्याचाच खड्डा.

रोज सकाळी तो पाल्याची टोपली घेऊन निघायचा, कारण लोक बघत असतात. आत जाऊन झाप ओढून घ्यायचा आणि खड्ड्याच्या काठावर बसायचा. तळाशी तेलकट तवंगाचं पाणी आणि त्यात रिकाम्या टोपल्यांची कडी. ऊन वर येईपर्यंत बसायचं, पाला तिथेच टाकायचा, हात चिखलाने माखून घ्यायचे आणि बाहेर पडायचं. एवढं नाटक रोज आणि आत डोकावणारं कुणी नाही. संध्याकाळी मानेआबात जाणं त्याने सोडलं होतं. तिथे गप्पांत गप्पा निघतात आणि त्याला खोटं बोलायला पहिल्यापासून जमत नसे. त्याचं खोटं तेरेंगा बोलायची. आता ती नव्हती, तेव्हा तो गप्प राहायला शिकला होता. पण गप्प राहणं खोटं बोलण्याहून जड जातं, हे त्याला त्या दिवसांत कळलं.

अशात एका दुपारी इताका आला. बाउरोबरोबर वाढलेला माणूस, आवाज माडाच्या शेंड्यावरून ओरडल्यासारखा.

"आहेस का रे म्हाताऱ्या, की वाळलास?"

"आहे. ये, बस."

इताका चटईवर बसला. तंबाखू पुढे केली. मग माश्यांबद्दल बोलला, बोट उशिरा येते त्याबद्दल बोलला, पाद्रीबाबांच्या नव्या दातांबद्दल बोलला. बाउरोच्या लक्षात आलं, हा काहीतरी मागायला आलाय. मागायला आलेला माणूसच एवढा वेळ दातांवर बोलतो.

"माझ्या नातीचं लग्न ठरलं," शेवटी इताका म्हणाला. "मुलगा दक्षिणेकडच्या गावचा. ती माणसं कशी आहेत तुला ठाऊकच आहे. जेवायला बसण्याआधी बाबाईला टिचक्या मारून बघतात."

"चांगलं झालं की."

"तर बाउरो, मी बुबुती करायला आलोय. तुझ्या खड्ड्यातला एक बाबाई दे मला. मोठा. मानेआबात मधोमध ठेवला की त्यांची तोंडं बंद झाली पाहिजेत."

बुबुती म्हणजे मागणं, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. होडी मागितली तर होडी द्यायची, अंगातला सदरा मागितला तर सदरा. उद्या आपल्यालाही मागायची पाळी येते, आणि तेव्हा समोरचाही नाही म्हणत नाही. याच एका भरवशावर आमची बेटं समुद्रात उभी आहेत. नाही म्हणणाऱ्याला कुणी काही बोलत नाही. फक्त त्याच्याकडे कुणी येत नाही.

"तुझ्याच खड्ड्यात रग्गड असतील की," बाउरो कसाबसा म्हणाला.

इताका क्षणभर तंबाखूच्या पुडीकडे बघत राहिला. "माझे अजून पोसायचेत रे. मध्येच कशाला उपटू? तुझा तो थोरला आहे ना, एरेनाच्या वेळचा? अजून आहे ना?"

"आहे," बाउरो म्हणाला. "देतो."

"माझा दोस्त!" इताकाने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की बाउरोला ठसका लागला.

तो गेल्यावर बाउरो तसाच बसून राहिला.  लग्न पुढच्या रविवारनंतर. तेरेंगा असती तर म्हणाली असती, दे म्हणालास ना, मग आता आण कुठून तरी. आणि तेरेंगा अशी मनात आल्याबरोबर त्याला तिचा भाऊ आठवला.

बिरिबो बेटाच्या उत्तर टोकाला राहायचा. मेव्हणा होता, पण तेरेंगाच्या मातीनंतर दोघांत बोलणं राहिलं नव्हतं. भांडण काही नव्हतं. तिच्याशिवाय एकमेकांशी काय बोलायचं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं एवढंच. बाउरो भल्या सकाळी निघाला. भरावाच्या रस्त्यावरून जाताना बाहेरचा समुद्र त्याच्या गुडघ्यांच्या उंचीवर दिसत होता. पूर्वी इथून तो दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. खालच्या खडीवरून पाणी वर सरकत होतं आणि परत जात होतं.

बिरिबो जाळं शिवत होता. "अरे वा, भावजी! वाट चुकलास?"

"तुझं तोंड बघायला आलो. बहिणीसारखं दिसतं का बघावं म्हटलं."

"ती देखणी होती."

"म्हणून तर विचारात पडलो."

बिरिबो हसला. हसताना तो खरंच तेरेंगासारखा दिसला आणि बाउरोने नजर जाळ्याकडे वळवली. भात आणि मासे खाऊन झाले. मग बाउरोने एक बाबाई मागितला. कशासाठी ते सांगितलं नाही, बिरिबोने विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

बिरिबोने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "मोठा हवा?"

"मोठा."

"थोडे दिवस दे मला."

"शनिवारपर्यंत?"

"शनिवारपर्यंत," बिरिबो म्हणाला आणि पुन्हा सुई उचलली.

बाउरोचा जीव भांड्यात पडला. पण परतीच्या वाटेवर तो भांड्यात फार वेळ राहिला नाही. म्हणजे बिरिबोकडे आहे. तो थोडे दिवस मागतोय ते कुठला उपटू आणि कुठला ठेवू हे ठरवायला. वाटेवर दोन्ही बाजूंना झापांची कुंपणं लागत गेली आणि बाउरो रीतीप्रमाणे मान वळवत गेला, एकदा इकडे, एकदा तिकडे. सगळ्यांचं जिथे भरलेलं आहे तिथे आपण रिकामा हात घेऊन चाललोय, हे त्याला त्या दिवशी जितकं लागलं तितकं तेरेंगाला मातीत ठेवतानाही लागलं नव्हतं. तेव्हा निदान सगळं गाव त्याच्यासोबत रडलं होतं.

मधले दिवस कसेबसे गेले. गुरुवारी सकाळी तो पाल्याची टोपली घेऊन निघणार, तोच इताका आला. आज आवाज खाली होता, तंबाखू नव्हती आणि पाद्रीबाबांचे दातही नव्हते.

"बाउरो, मला लाज वाटते रे," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "पण काय करू, अडचणच तशी आलीय. तू एक देणार आहेस. मला दोन दे."

"दोन?"

"एक लग्नाला. एक मला दुसऱ्याला द्यायचाय. काल एकाने माझ्याकडे बुबुती केली. लग्नाचं घर, तुझ्याकडे काढलेले असतीलच, त्यातला एक दे म्हणाला. आता मी नाही कसं म्हणू? आणि परका असता तर एक वेळ... तुझ्याच घरचा आहे तो."

"कोण?"

"बिरिबो. शनिवारच्या आत हवाय म्हणाला. मोठा."

बाउरोने हातातली टोपली खाली ठेवली.

थोडा वेळ त्याला काही समजलं नाही. मग समजलं, आणि त्याला हसू आलं. आधी घशातल्या घशात, मग पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इताका बघतच राहिला. "काय झालं रे? हसतोस काय गाढवासारखा? माझी इज्जत जायची वेळ आलीय!"

"तुझ्या खड्ड्यात काय आहे, इताका?"

इताकाचा चेहरा एकदम बंद झाला. असं विचारत नसतात. पन्नास वर्षांच्या दोस्तीत बाउरोने कधी विचारलं नव्हतं.

"म्हटलं ना, पोसायचेत अजून."

"चल," बाउरो म्हणाला आणि त्याने त्याचं मनगट धरलं.

वाटेत इताका दोनदा म्हणाला की मला काम आहे. बाउरोने मनगट सोडलं नाही. कुंपणाशी आल्यावर इताकाने सवयीने मान पलीकडे वळवली. बाउरोने झाप बाजूला केला.

"बघ."

"मी नाही बघणार. हे बरं नाही, बाउरो."

"बघ म्हणतो ना."

"तुझा बाप वरून बघतोय."

"तोही बघू दे."

इताकाने बघितलं. खूप वेळ बघितलं. मग गुडघे धरत खाली उतरला, चिखलात हात घातला आणि बोटं जिभेला लावली. थुंकला नाही. "खारं," तो म्हणाला. काठावर येऊन बाउरोशेजारी बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तेरेंगा गेली तेव्हापासून. मला वाटलं मी पाला घातला नाही म्हणून."

"मला वाटलं मी काळी माती जास्त घातली. बापाने सांगितल्यापेक्षा जास्त. हाव केली म्हणून." इताकाचा मोठा आवाज कुठेतरी गेला होता. "रोज सकाळी तू आत काय करतोस?"

"बसतो."

"मीपण बसतो."

 पलीकडे, झापांच्या वर, इताकाच्या खड्ड्याच्या कुंपणाचा शेंडा दिसत होता. त्याच्या पलीकडे आणखी एकाचा. आजवर त्या कुंपणांकडे बघून बाउरोचा जळफळाट व्हायचा. आता तिकडे बघवेना. किती घरांतली किती माणसं रोज सकाळी अशी आत जाऊन बसत असतील, आणि आपणच चुकलो म्हणत हात माखून बाहेर येत असतील! बांधाची खडी सगळ्यांनी मिळून, गाणी म्हणत, वाजतगाजत उचलली, आणि शिक्षा मात्र जो तो एकेकटा भोगत होता.

बोललो की हलकं वाटेल, असं बाउरोला येताना वाटलं होतं. तसं झालं नाही.  इतके दिवस एकट्याचा खड्डा मेला होता, तोवर बेट जिवंत होतं. जाऊन मागावं असं कुणीतरी होतं. आपल्याकडे नाही, पण दुसऱ्याकडे आहे, या दुःखावरच तो आजवर जगत होता, आणि आता तेही गेलं.

"दक्षिणेकडच्यांना काय वाढू?" इताका म्हणाला.

"भात."

"भात ते रोज खातात."

"त्यांच्याकडे तरी असेल का बाबाई?"

 इताका तळाच्या पाण्याकडे बघत राहिला. मग उठल्यासारखं करून पुन्हा बसला. "बिरिबोला सांगायला हवं. वाट बघत असेल तो. तू सांग, तुझा मेव्हणा आहे."

"मागितलंय त्याने तुझ्याकडे."

"आणि मी देतो म्हणालोय. माझ्या तोंडातून कसं निघेल?"

बाउरोच्या डोळ्यांपुढे बिरिबो आला. जाळं शिवत असेल. त्याच्याही खड्ड्याभोवती झाप असतील, आणि तो मनाशी म्हणत असेल, माझा मेला तर मेला, इताकाचा भरलेला आहे, शनिवारी भावजीला देता येईल. लाजेने काळा पडला असेल, पण काळजी नसेल.

"आज नको," बाउरो म्हणाला. "उद्या दोघं मिळून जाऊ."

"आज का नको?"

"त्याला वाटतंय तुझ्याकडे आहे. आजचा दिवस तरी वाटू दे."

इताकाने मान हलवली. दोघंही काठावरून उठले नाहीत. ऊन वर आलं, तरी बसूनच राहिले.